अध्यक्षा आणि सचिव : इज की आर?



आज इंग्रजीतल्या दोन लहान शब्दांविषयी बोलायचं आहे, ‘इज’ आणि ‘आर’. मराठीत दोन्हीचा अर्थ ‘आहे’ किंवा ‘आहेत’. शब्द इवलेसे, पण पोरींचे गुण इथेच जातात. आणि गटाच्या कागदांवर, पासबुकाच्या अर्जावर, वनहक्काच्या पट्ट्यावर ‘एक की दोन’ हा प्रश्न आला की तिथेही याच शब्दांच्या आसपास गोंधळ होतो. म्हणून आधी पोरींचा अभ्यास, मग आपले कागद.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी शाळेत गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकींनी पाचवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवली, आणि काहीजणींची शाळा त्याच सुमारास सुटली. त्यामुळे घरात पोरगी इंग्रजीचं पुस्तक उघडते तेव्हा माय गप्प बसते. गप्प बसायचं कारण नाही. आजचा नियम समजायला इंग्रजी फारसं लागत नाही, मोजता येणं लागतं.

मराठीत आपण म्हणतो, मुलगा जातो, मुलगी जाते, मुलं जातात. जाणारा बदलला की ‘जाणं’ बदलतं. क्रियापद कर्त्याकडे मान वळवून बघतं आणि त्याच्यासारखं रूप घेतं. इंग्रजी क्रियापदही बघतं, पण ते एवढंच विचारतं, एक की अनेक? बाई की पुरुष याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ‘बॉय इज’, ‘गर्ल इज’, ‘बॉइज आर’, ‘गर्ल्स आर’. आणि हे बघणंही मोजक्या ठिकाणी. इज-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव, डज-डू, आणि रोजच्या गोष्टी सांगताना गोज-गो, कम्स-कम असली जोडी. ‘वेंट’ म्हणजे गेला, गेली, गेले, सगळ्यांना एकच. ‘विल गो’ म्हणजे जाईल, जातील, तेही एकच. म्हणजे अडचणीचा वावर लहानसाच आहे.

पोरींना एक ठिकाण हमखास अडतं. नामाला ‘एस’ लागला की अनेक होतात, गर्ल-गर्ल्स. क्रियापदाला मात्र ‘एस’ लागला की एकच उरतो, गो-गोज. ‘गर्ल गोज’, ‘गर्ल्स गो’. साध्या वाक्यात तो एस बहुतेक वेळा एकाच बाजूला बसतो, दोन्हीकडे नाही. हे मी पोरींना पाटीवर दाखवते. तोंडाने ऐकून ते पटकन ध्यानात येत नाही, म्हणून आज घरी एकदा लिहून बघा.

आता ‘आणि’. इंग्रजीत त्याला ‘अँड’. दोन कर्ते ‘अँड’ने जोडले की ते अनेक झाले, क्रियापद ‘आर’. ‘सखू अँड कमला आर इन द मीटिंग’, म्हणजे सखू आणि कमला सभेत आहेत. सखू एकटी, कमला एकटी, पण वाक्यात दोघी. इथे मराठीही तसंच करते, सखू आणि कमला आल्या.

मग पोरी चुकतात कुठे? कारण मराठी दरवेळी तसं करत नाही. घरातलं सामान संपलं की आपण काय म्हणतो? ‘मीठ आणि हळद संपली.’ संपल्या म्हणत नाही. उलट करून म्हणा, ‘हळद आणि मीठ संपलं.’ वस्तू असल्या की आपलं क्रियापद दोन्ही मोजायला थांबत नाही, जी वस्तू शेवटी, जवळ उभी आहे तिच्यासारखं होतं. ‘तांदूळ आणि डाळ संपली’, ‘डाळ आणि तांदूळ संपले’. मराठी व्याकरणाची जुनी, मोठी पुस्तकं आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. पण हा नियम शिकायला आपल्याला पुस्तक लागलं नाही, चुलीपाशीच आला. इंग्रजी मात्र मिठालाही मोजते आणि हळदीलाही. ‘सॉल्ट अँड टर्मरिक आर इन द बॉक्स.’ पोरीने तिथे ‘इज’ लिहिलं तर ती मराठीचा नियम अगदी बरोबर चालवते आहे, फक्त चुकीच्या भाषेत. तिला तसं सांगा. ‘तुला येत नाही’ म्हणण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक फरक. ‘सखूने आणि गणपतने मोह वेचला’ या वाक्यात ‘वेचला’ कोणाकडे बघतो? सखूकडे नाही, गणपतकडेही नाही. मोहाकडे बघतो. मोहाऐवजी लाकडं घ्या, ‘वेचली’ झालं. ‘ने’ लागला की मराठी क्रियापद करणाऱ्याला सोडून वस्तूकडे वळतं. इंग्रजी असं वळत नाही, ती कर्त्यालाच धरून राहते.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर या बाबतीत मौजच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत झाडीबोली आहे, गोंडी आहे, माडिया आहे. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतल्या बंगाली वस्त्यांत बंगाली, पूर्वेला छत्तीसगढी. प्रत्येक भाषा माणसं वेगळ्या पद्धतीने मोजते. बंगालीत ‘शे आशे’ म्हणजे तो किंवा ती येते, आणि ‘तारा आशे’ म्हणजे ते येतात. क्रियापद तेच, हललंच नाही. बंगाली क्रियापद बाई-पुरुष बघत नाही आणि एक-अनेकही बघत नाही. म्हणून मुलचेऱ्याच्या बंगाली घरातली पोर ‘गो’ आणि ‘गोज’मध्ये अडखळली तर तिला ढ म्हणू नये. तिच्या जिभेला ती मोजणीच माहीत नाही.

तेलुगूत दुसरीच गंमत. ‘ती आली’ला म्हणतात ‘आमे वच्चिंदि’, आणि गाय आली तरी ‘आवु वच्चिंदि’. बाई एकटी असली की क्रियापद तिला गायीच्या रांगेत बसवतं. पण दोन-चार बाया मिळून आल्या की ‘वच्चारु’, पुरुषांच्या घोळक्याला जे रूप तेच. एकटीला वेगळी रांग, एकत्र आल्या की माणसांची. गोंडीत पुरुष एका बाजूला, आणि बाया, जनावरं, वस्तू दुसऱ्या बाजूला अशी वाटणी आहे. यावरून कोणाला नावं ठेवायची गरज नाही. भाषेची रांग म्हणजे घरातली वागणूक नव्हे. पुरुष-बाया एकत्र आल्या की मराठीही बहुधा ‘आले’ म्हणून मोकळी होते. एवढं मात्र आहे की मराठीने ‘ती दोघं आली’ असं एक सोयीचं रूप ठेवलं आहे. नवरा-बायको दोघं, पण रूप नपुंसकलिंगी, ना त्याचं ना तिचं. मला ते आवडतं.

पुढची चूक आदरातून होते. आपण म्हणतो, ‘बाई आल्या’, ‘तहसीलदार साहेब आले’. माणूस एक, पण मान म्हणून रूप अनेकांचं. मग पोर लिहिते, ‘मॅडम आर कमिंग’. इंग्रजीत असा मान क्रियापदातून देता येत नाही. कलेक्टर असो की शिपाई, एकटा असला की ‘इज’. ‘द कलेक्टर इज कमिंग.’ त्यात उद्धटपणा नाही. फक्त ‘यू’ला कायम ‘आर’ लागतं, समोर एक असो की शंभर.

आता ‘किंवा’. इंग्रजीत ‘ऑर’. इथे मराठीचा हात धरून चालता येतं. गरज पडली तर आपण म्हणतो, ‘दोन कोंबडे किंवा एक शेळी विकावी लागेल’. उलट केलं की ‘एक शेळी किंवा दोन कोंबडे विकावे लागतील’. क्रियापद जवळच्याकडे बघतं. इंग्रजी ‘ऑर’चाही नियम तोच, जवळचा कर्ता एक असेल तर ‘इज’, अनेक असतील तर ‘आर’. ‘द सेक्रेटरी ऑर द मेंबर्स आर कमिंग’, ‘द मेंबर्स ऑर द सेक्रेटरी इज कमिंग’. दोन्ही बाजूंना एकेकच असेल तर प्रश्नच नाही, ‘सखू ऑर कमला इज कमिंग’, कारण दोघींपैकी एकच येणार आहे. ‘हीही नाही, तीही नाही’ सांगणाऱ्या ‘नायदर-नॉर’ला सुद्धा हेच लागू.

थोडे किरकोळ नियम पटकन सांगते. ‘प्रत्येक’ म्हणजे ‘एव्हरी’ किंवा ‘ईच’ आधी आलं की माणसं एकेक करून मोजायची, ‘एव्हरी वुमन अँड एव्हरी मॅन हॅज अ व्होट’. इथे ‘अँड’ असून ‘हॅज’. दोन पदार्थांचं मिळून एकच जेवण असेल, वरण-भातासारखं, तर ‘राइस अँड दाल इज माय लंच’ चालतं. आणि ‘सह’, ‘सोबत’ या अर्थाचे शब्द, ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘इन्क्लूडिंग’, यांच्यामागून आलेली माणसं मोजायची नाहीत. ‘द प्रेसिडेंट, अलाँग विथ टेन मेंबर्स, इज प्रेझेंट.’ दहा जणी सोबत आहेत तरी ‘इज’. मराठीत ‘मुलगी मैत्रिणींसोबत आली’ म्हणतो, तसंच. हा ‘इन्क्लूडिंग’ जरा ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर आता कागद.

बँकेच्या इंग्रजी अर्जावर सुरुवातीला बहुधा ‘आय’, मग आडवी तिरपी रेघ, मग ‘वुई’ असं छापलेलं असतं. म्हणजे ‘मी’ किंवा ‘आम्ही’. पुढे काही ठिकाणी ‘अॅम’, रेघ, ‘आर’. ती तिरपी रेघ म्हणजे ‘किंवा’. जे लागू नाही ते आपण खोडायचं असतं. खातं एकटीचं असेल तर ‘वुई’ आणि ‘आर’ खोडा, दोघींचं किंवा गटाचं असेल तर ‘आय’ आणि ‘अॅम’ खोडा. बऱ्याच जागी लोक काहीच न खोडता सही करतात आणि काम अडतही नाही. पण खोडायला बसलं की आपोआप विचारावं लागतं, हा अर्ज माझा की आमचा? ज्या कागदावर आपली सही आहे त्याबद्दल एवढं तरी विचारलेलं बरं.

मग गटाचा ठराव. बचत गटात बहुधा अध्यक्षा, सचिव आणि कोषाध्यक्ष अशा तिघी असतात आणि पैसे काढायला तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या लागतील असा ठराव करतात. समजा कोणी तो ठराव इंग्रजीत लिहून दिला. एका कागदावर आहे, ‘द प्रेसिडेंट अँड द सेक्रेटरी आर ऑथराइज्ड’. दुसऱ्यावर, ‘द प्रेसिडेंट ऑर द सेक्रेटरी इज ऑथराइज्ड’. पहिल्यात दोघींना मिळून अधिकार. दुसऱ्यात कोणीही एकटी जाऊन पैसे काढू शकते. फरक एका लहान शब्दाचा, आणि अख्ख्या गटाच्या बचतीचा. सगळी इंग्रजी येत नसली तरी त्या ओळीत बोट ठेवून ‘अँड’ आहे की ‘ऑर’ आहे, पुढे ‘आर’ आहे की ‘इज’ आहे, हे दोन शब्द शोधता येतात. ‘अँड’ आणि ‘इज’ अशी जोडी दिसली तर लिहिणाऱ्याला विचारा, तुम्हाला नक्की काय म्हणायचं आहे? आणि ‘द प्रेसिडेंट अँड सेक्रेटरी इज’ असं असेल, मध्ये दुसरा ‘द’ नसेल, तर इंग्रजीत त्याचा अर्थ अध्यक्षा आणि सचिव ही एकच बाई आहे असा होतो. सहीच्या बाबतीत नुसत्या ‘अँड’वर विसंबू नका. ‘जॉइंटली’, म्हणजे मिळून, हा शब्द ठरावात घालायला सांगा. मराठीत लिहिलात तर ‘कोणत्याही दोघींच्या संयुक्त सहीने’ असं पूर्ण लिहा.

नवरा-बायकोच्या खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असे शब्द दिसतील. त्याचा अर्थ दोघांपैकी कोणीही एक जण व्यवहार करू शकतो, आणि एक जण गेला तर मागे राहिलेला खातं चालवतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर ज्याचं नाव आधी आहे तोच जिवंत असेपर्यंत चालवणार, दुसऱ्याची पाळी त्याच्यानंतर. बाईचं नाव दुसरं असेल तर पासबुक दोघांचं दिसतं, पण पैसे तिला काढता येत नाहीत. आणि ‘जॉइंटली’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. त्यात एक जण वारला तर उरलेल्या एकटीच्या सहीवर बँक पैसे देत नाही, आधी कागदपत्रं पुरी करावी लागतात. चांगलं कोणतं, वाईट कोणतं, ते घराघरावर आहे. नवरा परस्पर पैसे उडवतो अशा घरात ‘जॉइंटली’ बरं, आजारपण असलेल्या घरात ‘आयदर’ बरं. पण काय लिहिलं आहे ते आपल्याला माहीत हवं.

कर्जाच्या कागदावर मात्र दोन्ही शब्द एकत्र येतात, ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. म्हणजे सगळ्या मिळून आणि एकेकटी सुद्धा. दहा जणींनी असं लिहून एक लाख उचलले, तर प्रत्येकीची जबाबदारी दहा हजारांची आहे असं आपण घरी धरतो. कायदा तसं धरत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ४३ सांगतं की अनेकांनी मिळून वचन दिलं आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर ज्याला वचन दिलं तो त्यांतल्या कोणा एकीकडूनही ते पूर्ण करून मागू शकतो. ज्या बाईने सगळे भरले तिला बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागण्याचा हक्क त्याच कलमात आहे. म्हणून सही करण्याआधी इतर नऊ जणी कोण, हे बघायचं. व्याकरणात ‘आम्ही’ म्हटलं की ओझं वाटल्यासारखं वाटतं, वसुलीच्या वेळी ‘आम्ही’तल्या कोणाही ‘मी’ला गाठता येतं.

शेवटचा कागद वनहक्काचा. आपल्याकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. मी बोलते आहे ते घरटी जमिनीच्या पट्ट्याबद्दल. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. कायद्याच्या कलम ४, पोटकलम ४ मध्ये स्पष्ट आहे की लग्न झालेल्यांच्या बाबतीत हा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने संयुक्त नोंदवायचा, आणि घराची प्रमुख एकटी व्यक्ती असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. जमीन वारसांकडे जाते, विकता मात्र येत नाही.

पट्ट्याच्या इंग्रजी नमुन्यात पहिलीच ओळ हक्क धारण करणाऱ्याच्या नावाची आहे. तिथे ‘नेम’पुढे कंसात एक एस, ‘होल्डर’पुढे कंसात एक एस, आणि मग कंसात ‘इन्क्लूडिंग स्पाउस’, म्हणजे जोडीदार धरून. कंसातला एस म्हणजे छापणाऱ्याने प्रश्न मोकळा ठेवला, एक असो की अनेक. आता मघाचा नियम आठवा. व्याकरणात ‘इन्क्लूडिंग’नंतरचं नाव मोजत नाहीत, क्रियापद एकाचंच राहतं. कायद्यात मात्र ते नाव मोजतात, आणि बरोबरीने मोजतात. त्यामुळे त्या ओळीत नवऱ्याचं नाव आणि बायकोचं नाव दोन्ही हवीत. ‘अमक्याची बायको’ असं नवऱ्याच्या नावाला चिकटलेलं शेपूट नको, तिचं स्वतःचं नाव हवं. आणि कागदात कुठे पुरुषाचंच सर्वनाम असेल, ‘ही’ किंवा ‘हिज’, तर घाबरू नका. १८९७ च्या सामान्य परिभाषा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, संदर्भ वेगळा नसेल तर, केंद्राच्या कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात बाई धरलेली असते आणि एकवचनात अनेकवचन. पण नाव लिहिलेलं नसेल तर ते या कलमाने उगवत नाही. घरी पट्टा असेल तर आज तो काढून पहिली ओळ बघा.

आता गटात बसून करायला पाच वाक्यं देते. गाळलेल्या जागी इज की आर, ते एकीने म्हणायचं आणि दुसरीने का ते सांगायचं. ‘सखू अँड हर सिस्टर — इन नागभीड.’ ‘सखू ऑर हर सिस्टर — इन नागभीड.’ ‘एव्हरी मदर अँड डॉटर — हिअर.’ ‘द सरपंच, अलाँग विथ फाइव्ह विमेन, — इन द फॉरेस्ट.’ ‘द काऊ ऑर द गोट्स — इन द फील्ड.’

उत्तरं लिहून घ्या. पहिल्यात आर, दुसऱ्यात इज, तिसऱ्यात इज, चौथ्यात इज. पाचव्यात आर, कारण शेळ्या जवळ उभ्या आहेत.